कुलदैवताला निघताना भुऱ्याचं काय करायचं?

ग्वाल्हेरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावही. घरात त्या, त्यांचे यजमान, चौदा वर्षांची मुलगी, शहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि आठ वर्षांचा लॅब्रॅडोर. त्याला आपण भुऱ्या म्हणू. मे महिन्यात दहा दिवस बाहेर पडायचं ठरतंय. आधी पुण्याला दिरांकडे, मग गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि अभिषेक, पुढे चार दिवस समुद्राकाठी. सासूबाईंचं म्हणणं, ‘पाय चालताहेत तोवर एकदा कुलदैवताला नेऊन आणा.’ मुलगी म्हणते, भुऱ्या नसेल तर मीही येणार नाही. यजमान म्हणतात, बोर्डिंगला ठेवू. पण दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी त्याला पाच दिवस तसं ठेवलं होतं, तेव्हा तो वाळून परत आला आणि दोन दिवस तोंड फिरवून बसला. ते या भगिनी विसरलेल्या नाहीत. त्यात सासूबाई ‘देवाला जाताना कुत्रं नको’ म्हणून अडून बसल्या आहेत. या भगिनी विचारतात : ‘तो घरचाच आहे. घरच्याला मागे टाकून सुट्टीला कसं जायचं? आणि न्यायचं तर कसं?’

ताई,

तुमच्या पत्रात भुऱ्या काय खातो, कुठे झोपतो, कुणाची स्कूटर दुरून ओळखतो, हे सगळं आहे. गुहागरच्या दिवसांत तो सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत असेल, याची मात्र एकही ओळ नाही. त्याच्यावर तुमचा जीव आहे, हे सांगायला लागतच नाही. पण जीव असणं आणि सोबत नेणं या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. म्हणून आधी त्याचा तिथला एक दिवस मांडून बघू या.

अभिषेकाचा दिवस घ्या. सकाळी लवकर आवरून सगळे देवळात. कुत्र्याला आत नेता येणार नाही. अभिषेक, आरती, गुरुजींशी बोलणं, सासूबाईंचा हात धरून सावकाश प्रदक्षिणा यांत दोन-तीन तास सहज जातील. तेवढा वेळ भुऱ्या कुठे? अनोळखी खोलीत एकटा बंद केला तर भुंकेल, दार ओरबाडेल. गाडीत ठेवायचा विचारही करू नका. बाहेर एकवीस अंश असताना, म्हणजे आपल्याकडच्या सुखद हवेतसुद्धा, बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत तिशीच्या पुढे आणि अर्ध्या तासात चाळिशीला जातं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मे महिन्यात तर विषयच नको.

म्हणजे कुणीतरी एकाने त्याच्याजवळ बाहेर बसायचं. कोण? सासूबाई नाहीत, यात्रा त्यांचीच आहे. यजमान पूजेला बसणार. मुलगी पहिला अर्धा तास बसेल. उरता तुम्ही. जेवायला बाहेर गेलात तरी हेच, फेरीबोटीने पलीकडे जायचं ठरलं तरी हेच. कुत्र्याला सहलीला नेणाऱ्या बऱ्याच घरांमधून मला पत्रं येतात आणि बहुतेकांत ही गोष्ट शेवटच्या चार ओळींत असते : घरातल्या एका बाईची सुट्टी कुत्र्याचा पट्टा धरून संपली. न्यायला माझी हरकत नाही. पण पट्टा कोणत्या वेळी कुणाच्या हातात, हे घरून निघण्याआधी ठरलेलं असावं आणि त्यात तुमचं नाव एकापेक्षा जास्त वेळा येऊ नये.

आता हवा. ‘कोकणात आपल्यासारखी लू नाही, तिथे त्याला बरंच वाटेल’ असं तुम्ही लिहिलंय. पारा तिथे कमी असतो हे खरं. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची आणि तोंडातली ओल वाफ करून अंग निववतो. हवाच दमट असेल तर ही वाफ नीट होत नाही. त्यामुळे ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हात कूलरसमोर पडून राहणारा भुऱ्या कोकणातल्या घामट दुपारी, पंख्याखालीसुद्धा, जास्त बेजार होऊ शकतो. शिवाय तो लॅब्रॅडोर आहे, दुहेरी केसांचा, आणि वय आठ. पग, शित्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री असलेल्या वाचकांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा. त्यांची श्वासाची वाटच अरुंद असते.

समुद्र त्याला आवडेल, यात शंका नाही. पहाटेचा एक तास आणि सूर्य बुडताना एक तास, तो अगदी वेडा होईल. मधले दहा-बारा तास कसे काढायचे? आणि कोकणातलं आवार म्हणजे आपल्या कॉलनीची गच्ची नव्हे. मे महिन्यात झाडाखाली आंब्याचे बाठे पडलेले असतात आणि लॅब्रॅडोर समोर येईल ते गिळतो. बाठा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. किनाऱ्यावर मासळीचे काटे, टाकून दिलेली जाळी. खेळता खेळता खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब. जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, आणि कुत्रं नाक आधी घालतं. रात्री त्याला अंगणात किंवा पडवीत बांधायचं नाहीच, कारण रत्नागिरी जिल्ह्यात बिबट्या वस्तीजवळ येतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही. तिथली माणसं हे सगळं जाणून कुत्री पाळतातच. पण त्यांची कुत्री तिथेच वाढलेली असतात.

आता प्रवास. ग्वाल्हेरहून पुण्या-मुंबईला निघायचं म्हणजे झेलम नाहीतर पंजाब मेल, जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र. रेल्वेत कुत्र्याला प्रवाशांसोबत नेता येतं ते फक्त फर्स्ट क्लासमध्ये, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. तुम्ही चौघं आहात, म्हणजे एकाच पीएनआरवर चार तिकिटं काढली तर केबिन मिळण्याची शक्यता चांगली. पण ती शक्यताच असते. कोणाला कोणती केबिन, हे चार्ट लागताना ठरतं. त्याआधी लेखी अर्ज द्यावा लागतो आणि केबिन मिळाल्यावर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन कुत्र्याचं वेगळं बुकिंग करावं लागतं. त्यासाठी गाडीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. लसीकरणाचं पुस्तक आणि पशुवैद्याने नुकतंच दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र सोबत हवं. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांतही हे प्रमाणपत्र सांगितलेलं आहे.

केबिन मिळाली नाही तर उरतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. तो मला मान्य नाही. पत्र्याची अरुंद पेटी, एसी नाही, तुम्ही जवळ नाही, आणि मे महिन्यात गाडी भोपाळ, इटारसी, खंडवा, भुसावळ या पट्ट्यातून जाते. थंडीत, तरण्या कुत्र्याला, छोट्या प्रवासासाठी कुणी विचारलं असतं तरी मी कचरलेच असते. भुऱ्याला मे महिन्यात त्या पेटीत घालू नका, मग तिकिटं वाया गेली तरी चालतील.

मोटारीने जायचं तर आपला जुना आग्रा-मुंबई रस्ता : शिवपुरी, गुना, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे. पुण्यापर्यंत अकराशे किलोमीटरच्या आसपास. इंदूरला मुक्काम केला तरी दोन दिवस आठ-नऊ तास गाडीत. पुण्यापासून पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर. भुऱ्याचे सांधे आणि सासूबाईंचे गुडघे दोन्ही धरून विचार करा. मागच्या सीटवर भुऱ्या पसरला की सासूबाईंनी पाय कुठे ठेवायचे?

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे. तुम्ही त्यांचा नकार सोवळ्याओवळ्याच्या खात्यात टाकून मोकळ्या झालात. पण तुमच्याच पत्रात आहे की पोळीचा शेवटचा, तुपाचा घास त्या रोज भुऱ्याला स्वतःच्या हाताने देतात, आणि दुपारी तो त्यांच्याच पलंगाखाली झोपतो. ज्यांना कुत्र्याचा विटाळ वाटतो त्या असं करत नाहीत. मला वाटतं, त्यांची काळजी वेगळी असावी. भरल्या देवळाबाहेर तो पायात आला तर आपण पडू, अशी भीती असेल. किंवा आयुष्यात पुन्हा होईल न होईल अशा यात्रेत घरच्यांचं अर्धं लक्ष कुत्र्याकडे राहील, हे त्यांना नको असेल. ‘माझ्याकडे बघा’ असं आपल्याकडची म्हातारी माणसं सरळ म्हणत नाहीत, ती देवाचं नाव पुढे करतात. मी चुकतही असेन. तुम्ही त्यांच्याजवळ बसून विचारा, मुलगी आणि यजमान समोर नसताना. ‘आई, नेमकं कशाची धास्ती वाटते?’ एवढंच.

भुऱ्याला वाटेल आपल्याला टाकून दिलं, ही तुमची सगळ्यात मोठी सल. ती मी हलकी मानत नाही. कुत्र्याचा माणसावर जीव जडतो आणि ताटातूट त्याला कळते. पण कॅलेंडर बघून तो दिवस मोजत नसतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मालक अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी परतला तर कुत्री जास्त जोमाने स्वागत करत. पण दोन तास आणि चार तास यांत तसा फरक दिसला नाही. यावरून दहा दिवसांचं गणित मांडता येत नाही, हे मान्य. तरी इतकं म्हणता येतं की तुम्ही तिकडे ज्या पद्धतीने दहा दिवस मोजाल, त्या पद्धतीने तो इकडे मोजणार नाही. त्याला लागतं ते ओळखीचं घर, ओळखीची वेळ, ओळखीचा वास आणि एक ओळखीचं माणूस.

दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच सगळं एकदम तुटलं. नवी जागा, शेजारी रात्रभर भुंकणारी कुत्री, नवे हात. लॅब्रॅडोरने खाणं टाकलं म्हणजे ताण मोठा होता. परत आल्यावर तो तोंड फिरवून बसला, तो तुम्हाला रुसवा वाटला. बहुधा तो थकवा होता. बोर्डिंगमध्ये कुत्र्यांची झोप नीट होत नाही आणि घरी आल्यावर ती दोन-दोन दिवस झोपून काढतात. तेव्हा वजन किती घटलं, खोकला होता का, गोचिड्या होत्या का, हे तपासलं होतंत का? त्या जागेत काहीतरी कमी पडलं असेल, तर ती जागा पुन्हा नको. पण त्या पाच दिवसांसाठी स्वतःला दोषी धरून आता मे महिन्यात त्याला हजार किलोमीटर नेणं, हे त्याच्या भल्याचं नाही.

तर माझं मत सांगते. या वेळी भुऱ्याला नेऊ नका, आणि बोर्डिंगलाही ठेवू नका. त्याच्या घरातच त्याला ठेवा आणि माणूस घरी आणा.

माणूस कोण, यावर आत्तापासून काम करा. दोन महिने हातात आहेत. भाचा-पुतण्यांपैकी कॉलेजात शिकणारा कुणी, ज्याला दहा दिवस कूलर असलेली शांत खोली अभ्यासाला हवीच आहे. किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि त्यांचा मुलगा, जर भुऱ्या त्यांना मानत असेल तर. पैसे ठरवून द्या, ‘घरचाच आहेस’ म्हणून फुकटात राबवू नका, त्याने जबाबदारी सैल होते. एप्रिलमध्ये तुम्ही दोन रात्री झाशी-दतियाला किंवा कुणा नातेवाइकांकडे जाऊन या आणि त्या माणसाला घरी ठेवून बघा. भुऱ्या जेवला का, रात्री झोपला का, फिरायला गेला का, हे तेव्हाच कळेल. सकाळचं फिरणं सूर्य वर यायच्या आत, संध्याकाळचं रस्ता निवल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून पाच-सात सेकंद सहन झाली नाही, तर पंजालाही होणार नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा कोणत्या खोलीत चालतो, ते दाखवून ठेवा. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा आणि खर्चाचे पैसे घरात ठेवा. तुमचा एक न धुतलेला सुती गाऊन त्याच्या अंथरुणात टाका. फोनवर व्हिडिओ कॉल करून त्याला हाका मारू नका. आवाज येतो, माणूस दिसत नाही, काही कुत्री त्याने जास्त कासावीस होतात.

घरी राहणारं कुणीच मिळालं नाही, तर बोर्डिंगचा विचार परत करा, पण जागा स्वतः दुपारी दोन वाजता जाऊन बघा. सकाळी सगळ्याच जागा छान दिसतात. कुत्री दुपारी कुठे असतात, रात्री माणूस तिथे झोपतो का, ते लसीचं पुस्तक मागतात का, हे विचारा. जे मागत नाहीत तिथे ठेवू नका, कारण मग शेजारच्या कुत्र्यालाही लस नसेल.

मुलीचं ‘तो नाही तर मी नाही’ हे हट्ट म्हणून मोडून काढू नका. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे घरातला सगळा सूर आताच बदलला असेल. भुऱ्या हा घरातला एकटाच असा आहे जो तिला टक्के विचारत नाही. तिला निर्णय सांगू नका, काम द्या. घरी राहणाऱ्या माणसासाठी भुऱ्याची पूर्ण वही तिने लिहावी : जेवण किती, कुठली जागा खाजवली की शांत होतो, फटाके वाजले तर काय करायचं. आणि तिला एक पक्की तारीख द्या, भुऱ्याच्या स्वतःच्या सहलीची. तोंडी नव्हे, कॅलेंडरवर लिहून.

ती सहल नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रस्त्यावर धुकं असतं. ओरछा सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, तीन तासांत पोहोचाल. बेतवेच्या काठाने सकाळ-संध्याकाळ मनसोक्त फिरता येतं. राजवाडे आणि रामराजाचं देऊळ बघताना दोघं-दोघं आळीपाळीने जा. शिवपुरीही जवळ आहे, पण माधव राष्ट्रीय उद्यानात, जे आता व्याघ्र प्रकल्प आहे, कुत्र्याला नेता येत नाही, आणि तिथल्या तलावांत मगरी आहेत. चंबळेच्या पाण्याचंही तेच, कितीही रमणीय दिसलं तरी पट्टा सोडायचा नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत जनावर नेण्याला १९५९ च्या नियमांपासून मनाई आहे. त्यामुळे किल्ल्यावरचं आपलं मानमंदिर असो की मांडूचा जहाज महाल, कुणीतरी बाहेर थांबणार हे धरूनच बेत आखा.

ज्या वाचकांचं कुत्रं तरुण आहे, गाडीत रमतं, आणि प्रवास चार-पाच तासांचा आहे, त्यांनी जरूर न्यावं. पण खोलीचे पैसे भरण्याआधी मालकाशी फोनवर बोला. ‘पेट्स चालतात’ याचा अर्थ अनेक ठिकाणी ‘मागे शेडमध्ये बांधा’ असा असतो. कुत्रं खोलीत झोपणार का, आवाराला कुंपण आहे का, तिथली स्वतःची कुत्री मोकळी असतात का, जवळचे डॉक्टर किती अंतरावर, हे स्पष्ट विचारा. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. गाडी लागत असेल तर गोळी डॉक्टरांकडूनच घ्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही नको, कुत्र्यांना ती घातक आहे. हार्नेस सीटबेल्टला अडकवा, खिडकीबाहेर डोकं काढू देऊ नका, दर दोन-अडीच तासांनी थांबा, आणि दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या. कुत्री हरवतात ती बहुतेक अशाच थांब्यांवर. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, मोबाइलमध्ये ताजा फोटो. पावसाळी भागात जात असाल तर लेप्टोची (साचलेल्या, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस झालेली आहे का बघा, आणि गोचिडीचं औषध निघण्याआधी लावा.

उन्हाचा झटका सगळ्यांनीच ओळखायला शिका : धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक, चाल लडखडते, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या पुढे गेलं की एकेक मिनिट मोलाचं. आधी सावलीत घेऊन अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला, आणि मग दवाखान्याकडे पळा. नुसतं ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

ताई, भुऱ्याचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. आठ वर्षांच्या लॅब्रॅडोरसाठी ते महत्त्वाचं आहे, मग तो घरी राहो की प्रवासाला जाओ. याच महिन्यात डॉक्टरांकडे नेऊन वजन, रक्त आणि सांधे तपासून घ्या, आणि जाताना तुमच्या भाच्याला, किंवा जो कुणी राहणार असेल त्याला, सोबत घ्या. दवाखान्याचा रस्ता त्यालाही माहीत असायला हवा.